पुण्यात शिकणाऱ्या मुलांची मेस, खोली आणि उपास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर जून-जुलैत मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि सोलापूर-नगरच्या कोरडवाहू पट्ट्यातून मुलंमुली पुण्यात शिकायला येतात. प्रवेश मिळतो, फीची सोय कशीबशी लागते आणि दिवाळीच्या आगेमागे जेवणाखोलीचं गणित बिघडायला लागतं. त्या बिघडण्याबद्दल मुलं, पालक, प्राध्यापक आणि अधूनमधून एखादे मेसवाले काका जे विचारतात, त्याची ही उत्तरं.

कॉलेजात शिकणारी मुलं खरंच उपाशी राहतात का?

राहतात. फक्त ते दिसत नाही. आधी दोन वेळची मेस एक वेळची होते. मग सकाळचे पोहे सुटतात. मग मुलगा बारा वाजता जेवायचं सोडून मेस बंद व्हायच्या टोकाला, दोन-अडीचला जेवायला लागतो, कारण त्यानं रात्र चहा-बिस्किटावर ढकलता येते. रविवारी तर बहुतेक मेसमध्ये दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी मेस बंद. ज्याच्या खिशात पैसे आहेत तो त्या संध्याकाळी बाहेर खातो. ज्याच्याकडे नाहीत तो दुपारीच पोळ्या जास्त खातो आणि रात्री 'भूक नाही रे' म्हणतो. पुण्यात राहून शिकलेल्या कुणालाही विचारा, हे वाक्य त्यानं एक तर ऐकलंय, नाही तर म्हटलंय.

दुष्काळी वर्षांत हे एकदम वर येतं. २०१५-१६ ला आणि पुन्हा २०१८-१९ ला गावाकडून येणारे पैसेच थांबले, तेव्हा पुण्यातल्या मुलांच्या जेवणाची बातमी झाली आणि स्टुडंट हेल्पिंग हँडसारख्या विद्यार्थ्यांच्याच संघटनांनी मेसची सोय करायला धावपळ केली. मार्च २०२० च्या टाळेबंदीत मेस एका दिवसात बंद झाल्या आणि पेठांमधल्या खोल्यांत अडकलेल्या मुलांना लोकांनी डबे पोचवले. पाऊस बरा झाला की बातमी जाते. मेसचं कार्ड मात्र एक वेळचंच राहतं.

पण हातात मोबाईल तर असतो! मग जेवायला पैसे कसे नाहीत?

हजेरी, परीक्षेचा फॉर्म, शिष्यवृत्तीचा ओटीपी, नोट्सचा ग्रुप, सगळं मोबाईलवर आहे. मोबाईल विकून पंधरा दिवस जेवता येईल, पण कॉलेज सुटेल. हा प्रश्न विचारणाऱ्यांनी त्या मोबाईलची काच एकदा बघावी.

पुण्यात महिन्याला खर्च किती येतो?

भागाप्रमाणे कमीजास्त होतं, पण ढोबळ हिशेब असा: दोन वेळची मेस तीन ते चार हजार, कॉट बेसिसवर एका खोलीत चार-पाच जणांत राहिलं तर कॉटमागे दोन ते चार हजार, स्पर्धा परीक्षावाला असेल तर अभ्यासिकेचे हजारभर. वर बसचा पास, झेरॉक्स, रिचार्ज. म्हणजे काहीही चैन न करता सात-आठ हजार. आणि सुरुवातीला खोलीचं डिपॉझिट, मध्ये एजंट असला तर त्याचे वेगळे. दोन-तीन एकर कोरडवाहू जमीन असलेल्या घरातून दर महिन्याला आठ हजार निघणं म्हणजे काय, हे ज्याचं घर तसं आहे त्यालाच कळतं. सोयाबीन नाही तर कापूस विकला की एकदम पैसे हातात येतात आणि त्यावर आधीच दहा हात पडलेले असतात.

मेसचे कोणते नियम मुलांना अडचणीत आणतात?

मुख्य दोन. पहिला खाड्याचा. मेसचे पैसे महिन्याचे आगाऊ. गावी गेलात तर खाडा धरतात, पण सलग चार-पाच दिवसांचाच आणि आधी सांगितलं तरच. एखाद्या वेळचा खाडा धरत नाहीत. त्यामुळे मित्राच्या खोलीवर जेवलात तरी मेसचं ताट कापलं जातं. दुसरा नियम भिंतीवर लिहिलेला असतो: 'एका ताटात दोघांनी जेवू नये.' ही पाटी मुळात का लावावी लागते, याचा विचार करा. कुणी हौसेनं एका ताटात जेवत नाही.

मेसवाल्यांना खलनायक करण्यात अर्थ नाही, हेही सांगायला हवं. गॅस सिलिंडर, जागेचं भाडं आणि पोळ्यांच्या बाया यांत त्यांचाही जीव मेटाकुटीला आलेला असतो, आणि तरीही महिना-दीड महिना उधारी चालवून घेणाऱ्या काकू कितीतरी आहेत. कुठल्याही शिष्यवृत्तीपेक्षा त्यांच्या वहीनं जास्त मुलांना पदवीपर्यंत पोचवलं असेल, असं आमचं मत आहे.

'बेघर विद्यार्थी' म्हणजे काय? पुण्यात विद्यार्थी फुटपाथवर झोपतात का?

फुटपाथवर क्वचित. बाकी सगळीकडे. ज्याला स्वतःची कायदेशीर, भाडं भरलेली, उद्याही राहता येईल अशी जागा नाही, तो बेघरच. विद्यापीठाच्या आणि कॉलेजांच्या वसतिगृहांत अशा मुलांना 'पॅरासाइट' म्हणतात. शब्द वाईट आहे, पण वापरतात तोच, आणि ती मुलं स्वतःलाही तेच म्हणवून घेतात. मित्राच्या नावावरच्या खोलीत जमिनीवर गादी टाकायची, रेक्टरची फेरी येणार असली की गादी कॉटखाली सरकवायची आणि मुलानं जिन्याखाली किंवा मैदानावर तासभर काढायचा.

दुसरा प्रकार अभ्यासिकेचा. चोवीस तास उघड्या अभ्यासिकेचे महिन्याचे पैसे खोलीपेक्षा कमी, म्हणून काही जण तिथेच राहतात. टेबलावर डोकं ठेवून झोप, आंघोळ मित्राकडे, कपड्यांची बॅग खुर्चीखाली. रात्री अडीचला तिथे गेलात तर अभ्यास करणारे आणि झोपायला आलेले सहज ओळखू येतात: झोपायला आलेल्याचं पुस्तक बंद असतं आणि चप्पल बॅगेत असते.

तिसरा प्रकार भाडं थकल्यावर घरमालकानं कुलूप बदलण्याचा. सामान आत, मुलगा बाहेर. कितीही भाडं थकलेलं असलं तरी असं परस्पर कुलूप घालून सामान अडवणं कायद्यात बसत नाही. पोलीस चौकीत जाऊन लेखी अर्ज द्या आणि सोबत कॉलेजातलं कुणीतरी मोठं माणूस न्या. दोन्ही एकदम झालं की बहुधा त्याच दिवशी कुलूप उघडतं.

सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही. आता?

आता रोख रकमेच्या योजना आहेत. कोणती तुमची, ते प्रवर्गावर ठरतं.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी समाजकल्याण विभागाची भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना. इतर मागास, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. व्यावसायिक अभ्यासक्रमाला असलेल्या अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता.

स्वाधारमध्ये पुण्यासारख्या मोठ्या शहरासाठी वर्षाला ६०,००० रुपये धरलेत: भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची. आता वरचा हिशेब शेजारी ठेवा. भोजनाचे ३२,००० दहा महिन्यांवर वाटले तर महिन्याला ३,२०० पडतात, म्हणजे साध्या मेसला कसेबसे पुरतात. निवासाचे २०,००० म्हणजे महिन्याला दोन हजार, त्यात कॉट मिळाली तर नशीब. तरीही ही रक्कम मिळणं आणि न मिळणं यांत शिक्षण चालू राहणं आणि सुटणं एवढं अंतर आहे. म्हणून अर्ज कराच.

पैसे मिळतात, मग मुलं उपाशी का?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच.

मेस पैसे आगाऊ घेते, सरकार मागाहून देतं. अर्ज पावसाळ्यात, छाननी हिवाळ्यात, त्रुटी निघाली तर पुन्हा रांगेत, आणि रक्कम कधी परीक्षेच्या तोंडावर, कधी परीक्षा उरकल्यावर. जुलैचं जेवण मार्चमध्ये जेवता येत नाही. मधल्या सात-आठ महिन्यांत मुलगा उसनवारी करतो, आणि रक्कम आली की ती आधी उसनवारीत जाते. म्हणजे पुढच्या जुलैत खिसा पुन्हा रिकामा. योजना कागदावर चांगली असूनही ताट रिकामं राहतं ते यामुळे. रक्कम वाढवा ही मागणी रास्त आहे, पण आमच्या मते तारीख पक्की करणं त्याहून निकडीचं आहे. ६०,००० मार्चमध्ये देण्यापेक्षा दर महिन्याच्या पाच तारखेला चार हजार दिले, तर कमी पैशांत जास्त मुलं जेवतील.

आदिवासी वसतिगृहातल्या मुलांनी हे फार आधी ओळखलं होतं. २०१८ साली वसतिगृहातली खानावळ बंद करून जेवणाचे पैसे थेट खात्यात टाकायचं ठरलं, तेव्हा ती मुलं पुण्याहून नाशिकच्या दिशेनं पायी निघाली. पैसे नकोत, शिजवलेलं जेवण द्या, ही मागणी शहरातल्या अनेकांना तेव्हा चमत्कारिक वाटली. खात्यात पैसे पडायची वाट बघत ज्यांनी मेसबाहेर उभं राहून दिवस काढलेत, त्यांना ती चमत्कारिक वाटत नाही.

अर्ज बाद का होतात?

बहुतेक वेळा पात्रता असते, कागद नसतो. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो, हे जूनमध्ये कळतं. भाडेकरार मालक देत नाही, कारण त्याला नोंद नको असते. कॉलेजचं बोनाफाईड आणि हजेरीचा दाखला क्लार्क रजेवर असल्यामुळे राहतो. उत्पन्नाचा दाखला तरी एप्रिल-मेमध्ये, गावी असतानाच काढून ठेवता येतो.

आणि एक चोर वाट आहे, ती नीट समजून घ्या. सरकारी रक्कम अर्जात लिहिलेल्या खात्यात जात नाही, आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. कधीतरी सिमकार्ड घेताना दुकानदारानं अंगठा घेऊन परस्पर एखादं खातं उघडलेलं असतं, किंवा गावच्या बँकेत दहावीत काढलेलं खातं पडून असतं, आणि स्वाधारचे पैसे तिथे जाऊन बसतात. मुलगा मात्र पुण्यात 'अजून आले नाहीत' म्हणत समाजकल्याणच्या विश्रांतवाडीच्या कार्यालयात खेटे घालतो. आपल्या आधारला कोणतं खातं जोडलंय ते आधारच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत दिसतं. आजच बघा.

मी कॉलेजात नाही, स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. मला यातलं काय मिळेल?

थोडंच. वरच्या योजनांना प्रवेश घेतलेला लागतो. बार्टी, सारथी आणि महाज्योती या सरकारी संस्थांचे प्रशिक्षणाचे कार्यक्रम आणि विद्यावेतन असतं, पण ते निवड झालेल्यांना, आणि जागा मोजक्या. पदवी झालेली, वय पंचवीस-सव्वीस, जाहिरात पुढे ढकललेली, घरी 'पुढच्या महिन्यात निकाल आहे' असं सांगून झालेलं: सदाशिव पेठेत, नवी पेठेत सगळ्यात वाईट जेवणारा वर्ग हाच, आणि कुठल्याच रकान्यात न बसणाराही हाच. यावर आमच्याकडे सरळ उत्तर नाही. मेस सोडू नका आणि क्लासची दुसरी फी भरण्याआधी सहा महिन्यांच्या जेवणाचे पैसे बाजूला काढा, एवढंच सांगू.

आज रात्री जेवायला काही नाही. काय करू?

कॅम्पातल्या गुरुद्वारात जा. लंगरमध्ये कोण, कुठला, कशाला हे विचारत नाहीत. डोक्याला रुमाल बांधायचा, ओळीत बसायचं. जेवून झाल्यावर भांडी घासायला हात लावलात तर मनावरचं ओझंही उतरतं.

उद्या दुपारी शिवभोजन केंद्र बघा. २६ जानेवारी २०२० ला सुरू झालेली ही थाळी दहा रुपयांची: दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. वाढत्या वयाच्या मुलाला ती पुरी पडत नाही, पण पोटाला आधार होतो. काही केंद्रं बंद पडलीत आणि थाळ्यांची संख्या ठरलेली असते, म्हणून चौकशी करून आणि लवकर जा.

परवा कॉलेजात विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना किंवा एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) सरांना भेटा. 'सर, जरा अडचण आहे' असं गोल बोलू नका. 'माझी मेस बंद झालीये, महिन्याचे साडेतीन हजार लागतील' असं आकड्यात सांगा. गोल बोललं की धीर मिळतो, आकडा सांगितला की पैसे उभे राहतात.

आणि भुकेबरोबर मनात भलतेसलते विचार येत असतील तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक लावा. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं.

गावचं रेशन पुण्यात मिळतं का?

मिळतं, आणि ते फार कमी मुलांना माहीत असतं. घरचं कार्ड अंत्योदय किंवा प्राधान्य कुटुंबाचं असेल आणि त्यावर तुमचं नाव, आधार जोडलेलं असेल, तर कोणत्याही रेशन दुकानात अंगठा देऊन कुटुंबाच्या धान्यातला काही भाग उचलता येतो. प्राधान्य कार्डावर माणशी महिना पाच किलो, जानेवारी २०२३ पासून मोफत. मात्र घरी फोन करून आधी ठरवा, नाहीतर तुम्ही इथे उचलायचे आणि आई तिथे दुकानातून हात हलवत परत यायची. ई-केवायसी (आधारवरून ओळखीची पडताळणी) राहिली असेल तर नाव गळू शकतं, ती आधी करून घ्या.

अडचण शिजवायची आहे. कॉट बेसिसवर शेगडीला मनाई असते. चार जणांनी मिळून स्वयंपाकघर असलेली खोली घेतली तर रेशनचा तांदूळ-गहू धरून जेवणाचा खर्च बराच उतरतो. एकट्याचं काम नाही ते.

कमवा व शिका योजनेत जेवणाचा खर्च निघतो का?

पूर्ण नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची ही योजना कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावानं चालते. ग्रंथालय, कार्यालय, बाग अशा ठिकाणी दिवसाचे दोन-तीन तास काम आणि तासावर मानधन. एक वेळची मेस निघू शकते. रात्री डिलिव्हरी करून जास्त मिळतात, पण सकाळच्या प्रॅक्टिकलला जाग येत नाही आणि हजेरी गेली की शिष्यवृत्तीही जाते. निवड तुमची, आम्ही आधी कमवा व शिकाचा अर्ज भरायला सांगतो.

पूर्वीही मुलं माधुकरी (दारोदार शिजलेलं अन्न) मागून, वारावर (आठवड्याच्या एकेका वारी ठरलेल्या एकेका घरी) जेवून शिकलीच ना? मग आता एवढं काय?

शिकली, आणि त्यांचे हाल झाले म्हणूनच लोकांनी वसतिगृहं काढली. पुण्यात १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह निघालं, १९५५ साली अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती उभी केली, ती आजही गावाकडच्या मुलामुलींना माफक पैशांत ठेवून घेते. (तिचे अर्ज उन्हाळ्यातच असतात, बारावीचा निकाल लागला की लगेच चौकशी करा.)

शिवाय माधुकरीची झोळी सगळ्यांसाठी नव्हती. ज्याच्या जातीला त्या दारात उभं राहता येत नव्हतं, त्यानं वार कुणाकडे लावायचा? म्हणून शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकेका समाजाची बोर्डिंगं उभी केली, त्यात १९०८ चं अस्पृश्य मुलांसाठीचं मिस क्लार्क बोर्डिंगही आलं. भाऊरावांनी १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली आणि त्यांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. शिक्षणाआधी जेवण, हे या प्रांतात शंभर वर्षांपूर्वी कळलेलं होतं. आज कॉलेजं वाढली, जागा वाढल्या, आणि बोर्डिंग मात्र 'ज्याचं त्यानं बघावं' यात गेलं.

मुलींची अडचण वेगळी असते का?

हो. मुलगी अभ्यासिकेत रात्र काढू शकत नाही, पॅरासाइट होणंही तिला सोपं नाही. त्यामुळे ती खोली सोडत नाही, जेवण सोडते. भाडं वेळेवर, मेस बंद, खोलीवर मुरमुरे आणि घरून आलेल्या शेंगदाण्याच्या चटणीबरोबर पाव. जुलै २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झालं, ही मोठी गोष्ट झाली. त्यात राहणं-खाणं येत नाही, आणि घरी मात्र 'आता तर सगळं फुकट आहे ना' असा समज झालाय. पैसे मागायला फोन करणाऱ्या मुलीला आधी तो समज खोडावा लागतो. दोनदा परत मागणं झालं की 'ये निघून, स्थळ आलंय' हे उत्तर येईल, ही धास्ती असते, म्हणून ती मागतच नाही.

परदेशात शिकायला गेलेल्या आपल्या मुलांचं काय?

तिथेही हेच, फक्त बोलायची चोरी जास्त, कारण घरावर कर्ज काढून गेलेला मुलगा उपाशी आहे हे इथे कुणाला खरं वाटत नाही. अमेरिकेत विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तासच काम करता येतं, आणि सरकारी अन्नमदत त्यांना मिळत नाही. पण बऱ्याच विद्यापीठांत फूड पँट्री, म्हणजे विद्यार्थ्यांना फुकट किराणा देणारी जागा असते, मिशिगन स्टेटची तर १९९३ पासून आहे, आणि तिथे सहसा विद्यार्थी ओळखपत्र पुरतं. त्यानं व्हिसाला धक्का लागत नाही. लाजू नका, पिशवी घेऊन जा.

मी प्राध्यापक आहे. मुलगा उपाशी आहे हे ओळखायचं कसं?

सकाळच्या तासाला चक्कर, सहलीला आणि वर्गणीला कायम नकार, कँटीनच्या वेळेला ग्रंथालयात हजर. विचारताना वर्गात विचारू नका, आणि 'जेवलास का?' असं तर नकोच, त्याचं उत्तर हो असंच येतं. 'मेस कुठे लावलीयेस?' असं विचारा. लावलेली असेल तर नाव पटकन सांगतो.

मला मदत करायची आहे. काय देऊ?

वह्या, जुने कपडे, शाल-श्रीफळ नको. धान्यही नको, मुलाकडे शिजवायला जागा नाही. जवळची एखादी बरी मेस गाठा आणि ऑगस्ट ते डिसेंबर, म्हणजे सरकारी पैसे यायच्या आधीच्या पाच महिन्यांचे एका मुलाचे पैसे आगाऊ भरा. कॉलेज ज्याचं नाव सुचवेल त्याला. दोन वेळची मेस, रविवार संध्याकाळची काय सोय ते काकूंशी बोलून ठरवा. मुलाला भेटायची गरज नाही, त्याचा फोटो काढायची तर नाहीच. काकूंच्या वहीत त्याच्या नावापुढे 'जमा' एवढं लिहिलं की झालं.